वाटणी सारखी, मग मुली कमी का?

‘हिच्या पोटी मुलीच येतात,’ हे वाक्य प्रसूती कक्षाबाहेर आजही ऐकू येते. बोलणारी बहुधा सासू असते, मान खाली घालणारी बाळंतीण. विज्ञान मात्र या दोषारोपाच्या बाजूने नाही.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जखम भरताना पेशीचे विभाजन होते, तेव्हा आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण ४६ गुणसूत्रे मिळतात. बीजांड व शुक्राणू तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते. बारीक तंतू प्रत्येक जोडी फोडून तिचे दोन भाग विरुद्ध टोकांकडे ओढतात. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला २३ येतात.

स्त्रीची तेविसावी जोडी एक्स-एक्स, म्हणून बीजांडात एक्सच. पुरुषाची एक्स-वाय, म्हणून निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. वायवाला शुक्राणू बीजांडाला मिळाला की मुलगा. आईकडे वाय नाहीच, तर ती देणार कुठून? बापालाही दोष नको. कोणता शुक्राणू पोहोचेल, हे त्याच्या हाती नाही. दिवस गेल्यावर मुलासाठी घेतलेल्या पुड्याही व्यर्थ, कारण लिंग तोवर ठरलेले असते.

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली. बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हे प्रमाण २००१ मध्ये ९०८ आणि २०११ मध्ये ८५५ होते. दहा वर्षांत पेशींचा नियम बदलत नाही. ही तूट गर्भलिंग तपासणीने आणि जन्मानंतरच्या हेळसांडीने पडली. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपले नाव आले, तो काही मान नव्हता.

१९९४ चा कायदा कडकपणे राबवायलाच हवा. पण माझे मत असे, की गरोदरपणाच्या तपासणीला नवऱ्याला आणि सासूलाही बोलवावे आणि कागदावर ही वाटणी काढून दाखवावी. पाच मिनिटे पुरतात. शाळेत मुले हे शिकतात; घरातल्या मोठ्यांना कोणी सांगत नाही.

जिजाऊंचे सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. १२ जानेवारीला तिथे माथा टेकवणाऱ्या घरांत दुसऱ्या मुलीचेही पेढे वाटले गेले पाहिजेत.