कोल्हापूरकरांनो, आपली नजर हवी आहे



डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी आपल्या कोल्हापुरात जन्मले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या नावाने फलक लागतील, व्याख्याने होतील. त्यात वावगे काही नाही. पण त्यांनी १९८८ साली पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या डॉ. अनुप्रीता मोरे ज्या शोधकार्यात आघाडीवर आहेत, त्याला माणसे हवी आहेत आणि तीही शास्त्रज्ञ नसलेली. शोध आहे गुरुत्वीय भिंगांचा. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येताना वाटेत दुसरी वजनदार दीर्घिका आडवी आली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणाने तो वळतो. मागची दीर्घिका मग तिच्याभोवती कमानीसारखी, क्वचित पूर्ण कड्यासारखी दिसते, आणि मूळच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. वाटेतल्या दीर्घिकेने तो तिसेक पट वाढवला नसता, तर हाती लागलाच नसता. शिवाय प्रकाश किती वळला यावरून आडव्या आलेल्या दीर्घिकेचे सगळे वस्तुमान मोजता येते, न दिसणारेसुद्धा.

पंचाईत एवढीच की अशी भिंगे फार विरळ असतात. म्हणून मोरे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्पेस वॉर्प्स’ हा उपक्रम सुरू केला. सुमारे ३७ हजार हौशी लोकांनी ४ लाख ३० हजार चित्रे पाहून १ कोटी १० लाख वेळा आपला कौल नोंदवला आणि २९ आश्वासक नवी भिंगे पुढे आली. आकाशाच्या त्याच तुकड्यावर, खुद्द मोरे यांच्यासह, जाणकारांनी आधी संगणकाने शोध घेतला होता. त्या चाळणीतून ही निसटली होती.

अडाणी नजरेवर शास्त्राने विसंबावे का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर कामाच्या रचनेतच आहे. खऱ्या चित्रांमध्ये मुद्दाम बनवलेली भिंगे मिसळलेली असतात. ती तुम्ही किती ओळखता आणि रिकाम्या चित्रात किती वेळा उगाच भिंग पाहता, याचा हिशेब ठेवून तुमच्या कौलाचे वजन ठरते. एकाच चित्रावर अनेकांची नजर फिरते, त्यामुळे एखाद्याच्या चुकीने बिघडत नाही. नजर तयारही होते. पाक कधी उतरवायचा हे आपल्या गुऱ्हाळातला गुळव्या कुठल्या पुस्तकात वाचतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्ता असताना माणूस कशाला? मार्च २०२५ मध्ये युक्लिड या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या ६३ चौरस अंश आकाशातून सुमारे ५०० संभाव्य भिंगे जाहीर झाली. दीर्घिकांची पहिली छाननी यंत्राने केली, हे कबूल. पण त्याने निवडलेली चित्रे स्वयंसेवकांनी पाहिली आणि शेवटी तज्ज्ञांनी. यंत्राला शिकवलेल्यापेक्षा वेगळे काही समोर आले की ते अडखळते. माणसाची नजर वेगळेही टिपते: २०१४ मध्ये स्पेस वॉर्प्सच्या हौशी मंडळींना एक लाल कडे सापडले. बहुतेक भिंगांतल्या कमानी मात्र निळसर असतात. शिवाय युक्लिडला एकूण १४ हजार चौरस अंश आकाश टिपायचे आहे. म्हणजे तोवर अर्धा टक्कासुद्धा तपासून झालेला नव्हता.

याचा उपयोग काय, असेही विचारले जाईल. उसाला दर मिळणार नाही, हे खरे. पण कुस्ती आणि चित्रपट पोसणाऱ्या गावाने हा प्रश्न जरा जपूनच विचारावा.

खरी अडचण भाषेची आहे; सूचना बहुधा इंग्रजीत असतात. म्हणून ज्यांना इंग्रजी येते त्यांनी, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि निवृत्त शिक्षकांनी, शेजारच्या चार मुलांना घेऊन बसावे. ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर असे उपक्रम फुकट चालतात आणि भाषांतराचे कामही स्वयंसेवकच करतात. मराठीसाठी कुणीतरी पुढे यावे. भिंगांची नवी चित्रे आलेली नसतील तेव्हा तिथल्याच ‘गॅलेक्सी झू’मध्ये दीर्घिकांचे आकार ओळखून हात बसवावा. दुर्बीण लागत नाही, गच्ची लागत नाही. पावसाळ्यात चार महिने ढगांखाली दडणारे आपले आकाशही या कामाच्या आड येत नाही. आठवड्यातून अर्धा तास पुरे. मात्र भिंग दिसले नाही तरी ‘नाही’ म्हणून नोंदवायला विसरू नका; तो कौलही मोजला जातो.