वीस रुपयांसाठी कोण भांडणार?

ऑफर शोधून शोधून पिक्चरचं तिकीट स्वस्तात काढायचं आणि मॉलमधून बाहेर पडताना बाईकच्या पार्किंगचे वीस-तीस रुपये मोजायचे, हे आता आपल्याला सवयीचं झालंय. पिक्चर लांबला, पाच मिनिटं जास्त झाली, की पुढचा स्लॅब. टोकन हरवलं तर वेगळा दंड. मागे हॉर्न वाजत असतात, मग आपण ‘जाऊ दे ना यार’ म्हणतो आणि पैसे देऊन टाकतो.

या ‘जाऊ दे’ची किंमत काढून बघा. एखाद्या मॉलमध्ये दिवसाला हजार दुचाकी येतात आणि प्रत्येकीचे वीस रुपये घेतले जातात असं धरलं, तर दिवसाचे २० हजार आणि वर्षाचे ७३ लाख होतात. म्हणजे मुद्दा एकट्याच्या वीस रुपयांचा उरत नाही. हे पैसे कुठल्या अधिकारानं घेतले जातात, हे विचारायला हवं.

जागा आली कुठून?

मॉलचं पार्किंग ही मालकानं हौसेनं दिलेली सोय नसते. एवढं बांधकाम करायचं तर एवढ्या गाड्यांची जागा ठेवा, अशी अट बांधकाम परवानगीतच असते. मुंबईत ‘डीसीपीआर २०३४’ आणि राज्याच्या बऱ्याच भागात २०२० ची ‘यूडीसीपीआर’ ही नियमावली ते ठरवते. शिवाय नियमानुसार ठेवलेली ही जागा साधारणपणे एफएसआयमध्ये मोजली जात नाही. थोडक्यात, येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर लागू नयेत म्हणून ही जागा ठेवायला लावलेली असते. मग तिचं भाडं येणाऱ्यांकडूनच का घ्यायचं?

गुजरातमध्ये हाच वाद हायकोर्टात गेला. एकल न्यायाधीशांनी २०१८ मध्ये पहिला तास मोफत ठेवून पुढे दुचाकीला २० आणि चारचाकीला ३० रुपयांची मर्यादा घातली. जुलै २०१९ मध्ये खंडपीठानं त्याच्या पुढे जाऊन मॉल-मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेण्याचा अधिकारच नाही, असं सांगितलं. तेलंगण सरकारनं २०१८ मध्ये मधला मार्ग काढला. पहिली ३० मिनिटं सगळ्यांना मोफत, कुठल्याही खरेदीचं बिल दाखवलं तर तासाभरापर्यंत मोफत, आणि त्यानंतर बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा मोठं असेल तरीही मोफत.

पण ‘पार्किंग फुकटच असतं, असा कायदा आहे’ असा जो मेसेज ग्रुपवर फिरतो, तो जसाच्या तसा खरा मानू नका. कोचीच्या एका मॉलच्या प्रकरणात केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये आधी वसुलीवर प्रश्नचिन्ह लावलं, पण पुढे पालिकेचा परवाना असेल तर शुल्क घेता येतं, अशी भूमिका घेतली. एका राज्यातल्या हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या राज्यात आपोआप लागूही होत नाही. पुण्यात २०१९ मध्ये महापालिकेच्या शहर सुधारणा समितीनं मॉलमध्ये पार्किंग मोफत हवं असा ठराव केला, नोटिसाही निघाल्या. तरी आजही अनेक ठिकाणी पावती फाडली जातेच.

मग हातात काय आहे?

बरंच काही आहे. सुरुवात पावतीपासून करा. सेवेचे पैसे घेऊन पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. दरफलकाचा फोटो काढा, पैसे शक्यतो यूपीआयनं द्या, म्हणजे पुरावा राहतो. टोकन हरवल्याचा दंड नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा असेल, तर कायद्यात त्याला ‘अनुचित करार’ म्हणतात. मात्र त्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते.

दुसरं, माहिती अधिकार. मॉलला आरटीआय लागू नाही, पण परवानगी देणाऱ्या महापालिकेला आहे. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. विचारायचं एवढंच: मंजूर नकाशात किती दुचाकींची जागा दाखवली आहे? शुल्क घ्यायला पालिकेनं परवानगी दिली आहे का? असल्यास प्रत द्या. ‘परवानगी नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर तुमच्या तक्रारीला खरं वजन येतं.

तिसरं, ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे काम झालं नाही तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि पावतीमागचं ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ हे वाक्य? दिल्लीच्या एका हॉटेलातून १९९८ मध्ये गाडी चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं, की ग्राहकानं किल्ली कर्मचाऱ्याच्या हातात दिली असेल, तर असं वाक्य छापून हॉटेलला हात झटकता येत नाहीत. गाडी तुम्हीच लावून किल्ली खिशात ठेवली असेल, तर मात्र हा निकाल थेट कामी येईलच असं नाही.

एक गोष्ट टाळा. गेटवरच्या पोराशी भांडू नका. तो कंत्राटी पगारावर उभा असतो, दर त्यानं ठरवलेला नसतो. त्याच्याकडून पावती घ्या आणि निघा. खरा प्रश्न मॉलच्या व्यवस्थापनाला आणि पालिकेला विचारायचा आहे.

हे सगळं किचकट आहे, वेळखाऊही आहे. मथुरेच्या एका वकिलाकडून रेल्वेच्या खिडकीवर १९९९ मध्ये २० रुपये जादा घेतले गेले. निकाल लागला २०२२ मध्ये: वीस रुपये व्याजासह परत, वर १५ हजार रुपये. एवढी वर्षं एकट्यानं लढायची तयारी प्रत्येकाची नसते, आणि असायलाच हवी असंही नाही. पण वर्गातल्या दहा जणांनी दहा पावत्या जपून ठेवल्या आणि एकानं आरटीआय टाकला, तर खर्च दहा रुपये येतो. एका वेळच्या पार्किंगच्या निम्मा.