गाजर गवताचे गोत्र

गाजर गवत हे ना गाजर, ना गवत. पाने गाजरासारखी दिसली, आपण नाव ठेवले आणि मोकळे झालो. वनस्पतिशास्त्राने मात्र त्याला थेट सूर्यफुलाच्या पंगतीत बसवले आहे! कुळ ॲस्टरेसी, आणि त्यातली हेलिअँथी ही शाखा. फ्रान्सच्या कॅसिनी यांनी ती १८१९ साली मांडली. केसांच्या तेलातला आपला माकाही तिथलाच.

कुठे सूर्यफूल नि कुठे हे, असे वाटेल. पण मंडळी, भिंग घेऊन बघा. सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो फुलांची वस्ती. कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक वांझ फूल. बी धरते ते मधल्या बारीक फुलांत. गाजर गवताचा पांढरा ठिपकाही अशीच वस्ती, फक्त कारभार उलटा. तिथे बी धरतात कडेची पाच फुले, मधली नाहीत. (पाचच बिया, पण एका झाडावर ठिपके किती!)

माझे मत विचाराल तर शाळेत वर्गीकरण शिकवावे ते याच झाडावरून. नंदुरबार असो की शहादा, कुंपणाशी ते फुकट उभे असते. लॅटिन नावे घोकून काय हाती लागते? अंगाला खाज सुटते, दमा उठतो, म्हणून मुलांना हात लावू देऊ नये. गुरुजींनीच हातमोजे घालून एक फांदी आणावी. फुलावर येण्याआधी ते का उपटायचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

सातपुड्यातली खुरासणीही पूर्वी याच शाखेत धरत. पुढे जनुके तपासून तिला शेजारच्या शाखेत हलवले. चटणीची चव काही बदलली नाही म्हणा!