एक अक्षर, दोन उच्चार

मराठी जशी बोलावी तशीच लिहिली जाते, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. दाखला तर आपल्या रे रोडचाच आहे. लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव इंग्रजीत चार अक्षरे खर्चून लिहितात. आपण कानावर विश्वास ठेवून 'रे' लिहिले आणि मोकळे झालो.

परंतु 'च' आणि 'ज' यांच्यापाशी हा अभिमान अडखळतो. 'हे जग मोठे आहे' आणि 'तू सुखाने जग' यांतील 'जग' लिहिण्यात काडीचा फरक नाही. उच्चारात मात्र पहिला 'ज' तालव्य, दुसरा दंततालव्य. 'गुरे चार' हे शब्द एका उच्चाराने गुरांची संख्या सांगतात, दुसऱ्याने गुराख्याला आज्ञा देतात!

मग हे ध्वनी एक मानावेत की दोन? 'माझा'मधील 'झ' दंततालव्य आहे. 'माझी', 'माझ्या' म्हणताच तो तालव्य होतो. 'चोच' आणि 'चोची' यांचेही तेच. म्हणजे पुढे इ, ई किंवा य आला की भेद मिटतो, आणि ते नियमाने सांगता येते. 'जग'च्या जोडीला मात्र असा नियम लागू पडत नाही. तेथे दोन ध्वनी मानणे भाग आहे. शब्दाचे मनातील ध्वनिरूप आणि प्रत्यक्ष उच्चार वेगळे धरून त्यांना नियमांनी जोडावे, हा विचार चॉम्स्की व हॅले यांनी १९६८ साली इंग्रजीच्या संदर्भात विस्ताराने मांडला. आपल्याला तो परका वाटू नये. नियमांच्या सोयीसाठी विवृत मानलेला ऱ्हस्व अकार पाणिनीने अष्टाध्यायीच्या अखेरच्या सूत्रात उच्चारासाठी पुन्हा संवृत करून दिला आहे. लिपी ही या दोहोंहून निराळी, तिसरी गोष्ट होय.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. दारूखान्याच्या बाजूने येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. असा मुलगा 'चाक' वाचताना 'चंद्रा'तला 'च' उच्चारतो आणि वर्ग हसतो. उच्चार 'अशुद्ध' ठरतो. पण अक्षराने त्याला दुसऱ्या उच्चाराची खूण दिली होती कोठे? आपण बरोबर वाचतो ते लिपीच्या गुणाने नव्हे. तो शब्द आपण घरी ऐकलेला असतो म्हणून.

यावर सर्वत्र नुक्ता द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तसे केल्यास 'माझा' आणि 'माझी' यांचे उघड दिसणारे नाते लेखनात तुटेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांचा भर अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांवर आहे. त्यांत आणखी भर नको. मात्र शब्दकोशांत, बालवाचनांत आणि अन्यभाषिकांच्या पाठ्यपुस्तकांत दंततालव्य अक्षराखाली नुक्ता अवश्य असावा. आणि तो येईपर्यंत, जे लिपीने सांगितलेच नाही त्याबद्दल तोंडी परीक्षेत कोणाचे गुण कापू नयेत, एवढी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे.