तबलजी इतके तबले का आणतात?

बालमित्रांनो, गाण्याच्या मैफलीला जाल तेव्हा जरा लवकर पोचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरचा वेरूळ-अजिंठा महोत्सव असो, नाहीतर गल्लीतला गणपती, एक गंमत दिसेल. तबलजींचा डग्गा एकच, पण तबले मात्र दोन-तीन! वाजवायचा एक, मग बाकीचे कशाला?

त्याचं असं आहे. तबला गायकाच्या सुराशी जुळवावा लागतो. कुणाचा 'सा' पेटीच्या काळी एक पट्टीत, तर कुणाचा काळी पाचमध्ये. हातोडीने गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर ठोकून तबला थोडा चढवता-उतरवता येतो. पण फार चढवला तर पुडी फाटायची भीती, फार उतरवला तर आवाज बोदा! म्हणून चढ्या सुरासाठी लहान तोंडाचा तबला, खालच्या सुरासाठी मोठ्या तोंडाचा. गायक बदलला, की तबला बदलायचा.

तंबोऱ्याचंही तसंच. चार तारांपैकी पहिली बहुधा 'प'मध्ये लावतात. पण मालकंसात 'प' नाहीच! मग ती 'म'मध्ये लावायची. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ठाऊक आहे ना?

परदेशात कितीतरी गिटारवादक वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या गिटारी मंचावर तयार ठेवतात. ऐन कार्यक्रमात सहा तारा जुळवत बसायला वेळ कुठला? शिवाय ताण बदललेली तार लगेच स्थिर राहत नाही. कॅनडाच्या जोनी मिचेल यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला. डावा हात अधू राहिला, नेहमीच्या पद्धतीने बोटं दाबणं जड जाई. त्यांनी गिटारच निराळ्या सुरांत लावली आणि त्यातून नवीच गाणी जन्मली!

म्हणजे बघा, वाद्य माणसाशी जुळवून घेतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र पुष्कळदा उलटं होतं. समूहगीताला एक पट्टी धरतात. ज्याचा आवाज तिथे पोचत नाही त्याला सांगतात, "तू नुसते ओठ हलव." तो पोरगा मग जन्मभर म्हणतो, "मला गाता येत नाही." पालकहो, पट्टी थोडी खाली घेऊन तर बघा! सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा तर हे करायलाच हवं.

आता या आठवड्याचा उद्योग. कुणाकडे पेटी असेल तर एकेक पट्टी 'सा' धरून सारेगम म्हणा. खालचा 'प' आणि वरचा 'सा' दोन्ही न ओरडता लागले, की ती तुमची पट्टी. वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "तुझा आवाज लागत नाही" म्हणालं, तर न लाजता सांगा, "बाई, माझी पट्टी ही आहे."