रिव्हर व्ह्यू

परवा फ्लॅट बघायला गेले होते. बाल्कनीतून थेट पंचगंगा, एकदम झकास! सहज विचारलं, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?" एजंट गडबडला. "मॅडम, ते अलमट्टीमुळं वो!"

घ्या! बॉर्डरपलीकडचं धरण आपल्या मदतीला कायम हजर. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा शिरोळ तालुक्यातून कर्नाटकात शिरते आणि पुढे अलमट्टीला अडते. तिथली पाणीपातळी ५१९ वरून ५२४ मीटरवर न्यायला महाराष्ट्राचा विरोध आहे. भीती खोटी नाही, शिरोळकरांना विचारा. पण २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीकाठच्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं होतं. ती काही कर्नाटकातून वाहत आली नाहीत. आपलीच आहेत.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ. २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हाही आपण फूट-इंच मोजत बसलो होतो. फ्लॅट घेताना मात्र फक्त ईएमआय मोजतो.

अलमट्टीचे दरवाजे काही माझ्या हातात नाहीत. बुकिंगचा चेक होता. तो पर्समधून काढलाच नाही.