दुबईत राहता, पण पासपोर्ट कुठला?

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा दुबईहून मेसेज आला. "सर, ब्रिटनच्या यादीत यूएईचं नाव आहे. आता आम्हाला व्हिसा नको, मोबाईलवरच परवानगी मिळते, असं एजंट म्हणतो. खरं का?" बर्मिंगहॅमला नात्यातलं लग्न आहे, चौघांना जायचंय. मी एकच विचारलं, "बेटा, पासपोर्ट कुठला?" म्हणाला, "इंडियनच, सर." मग विषय तिथेच संपला.

असे मेसेज आपल्या गल्फमधल्या बऱ्याच घरांत फिरतात, म्हणून सविस्तर लिहितो. ब्रिटनने सुरू केलेल्या या परवानगीला ईटीए म्हणतात. ज्या देशांच्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारपासून झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सौदी, यूएई, कुवेत, ओमान, बहरीन आणि जॉर्डन आले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे, आणि एप्रिलमध्ये युरोपातले देश. एकदा मिळाली की दोन वर्षं चालते, मात्र पासपोर्टची मुदत आधी संपली तर तीही संपते. एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. तान्ह्या बाळालाही वेगळी लागते.

आता मुद्दा असा की यादीत यूएई आहे म्हणजे यूएईचा पासपोर्ट आहे. तिथला इकामा, रेसिडेन्सी, वीस वर्षांची नोकरी यातलं काहीच इथे धरलं जात नाही. एकाच ऑफिसातला अमिराती साहेब फोनवर फोटो काढून अर्ज करतो आणि बहुतेक वेळा तीन दिवसांच्या आत त्याला उत्तर मिळतं. शेजारच्या टेबलावरचा आपला रत्नागिरीचा मुलगा बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र गोळा करतो, बोटांचे ठसे द्यायला जातो आणि आठवडे मोजतो. एप्रिल २०२५ मध्ये ईटीएची फी १० वरून १६ पौंड झाली. त्याच महिन्यात सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसाची फी १२७ पौंड झाली. चौघांच्या कुटुंबाला हा फरक किती पडतो, हिशेब तुम्हीच करा. वर व्हिसा नाकारला तर फी परत नाही.

बरं, यादीत नाव आलं म्हणजे कायमचं आलं, असंही नाही. जॉर्डनचंच बघा. फेब्रुवारीत सवलत मिळाली आणि १० सप्टेंबर २०२४ ला काढून घेतली. येणाऱ्यांपैकी बरेच जण आश्रय मागू लागले, असं कारण ब्रिटन सरकारने दिलं. थोडक्यांमुळे सगळ्या देशाचा दरवाजा बंद झाला. मला हा न्याय पटत नाही, पण असल्या यादीचा स्वभाव असाच असतो. देणाऱ्याच्या मर्जीवर ती चालते.

दुसरा बदल जास्त कडक आहे. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ईटीए किंवा व्हिसा नसेल तर एअरलाईन विमानातच बसू देत नाही. पूर्वी हीथ्रोला उतरून अधिकाऱ्यासमोर काही सांगायला जागा असायची. आता निकाल दुबईच्या चेक-इन काउंटरवरच लागतो. ब्रिटिश नागरिकांना तर ईटीए मिळतच नाही. ज्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्वाबरोबर अमेरिकन पासपोर्टही आहे, त्यांनी ब्रिटिश पासपोर्ट बरोबर ठेवावा.

राहिली एजंटची गोष्ट. अर्ज ब्रिटन सरकारच्या वेबसाईटवर किंवा त्यांच्या ॲपवर स्वतः करता येतो. सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साईट्स त्याच अर्जाचे जास्त पैसे घेतात. आणि भारतीय पासपोर्टवर ईटीए काढून देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतो, मग तो आपल्या गावचा असो की ओळखीचा.

माझ्या विद्यार्थ्याने एजंटला पैसे दिले नव्हते, अल्हम्दुलिल्लाह. लग्नाला दोन महिने आहेत. व्हिसाचा अर्ज याच आठवड्यात भर, आणि उत्तर येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नकोस, एवढंच त्याला सांगितलंय.